रायपूरच्या उन्हाळ्यात टेट्रा

रायपुरात निऑन टेट्रा टिकत नाहीत, हे मत इथे मासे पाळणाऱ्यांत इतकं रुजलं आहे की त्याला कुणी आव्हानच देत नाही. बोअरचं पाणी जड, मे महिना जीवघेणा. म्हणून सल्लाही ठरलेला: हौसच असेल तर एक जोडी घ्या, छोटा बाउल पुरे, आठवड्याला सगळं पाणी बदला. यातली कारणं बरीचशी खरी आहेत. सल्ला मात्र तंतोतंत उलटा आहे, आणि मासे मरतात ते या सल्ल्यामुळे.

रायपूर चुनखडीवर वसलेलं आहे. मांढर, बैकुंठ, बलौदाबाजारचे सिमेंट कारखाने याच दगडाच्या जिवावर उभे राहिले. गीझरची कॉइल उघडली की तिच्यावर जमलेला पांढरा कडक थर त्याच दगडाची साक्ष देतो. निऑन मूळचा पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातला, क्षार जवळजवळ नसलेल्या ओढ्यांतला. म्हणजे पूर्वपक्ष भक्कम दिसतो. पण दुकानातला निऑन सहसा ओढ्यातून धरलेला नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यशेतीत वाढलेला असतो. जड पाण्यात त्याची अंडी फळणार नाहीत. मात्र जगणं वेगळं आणि वीण वेगळी. बेताच्या जड पाण्याला तो हळूहळू सरावतो. त्याला सोसत नाही ते एकाएकी झालेला बदल, आणि दर रविवारी बाउल रिकामा करून आपण नेमकं तेच करतो. त्यात फिल्टरमध्ये आणि गोट्यांवर वाढलेले, अमोनिया पचवणारे जिवाणूही घासून टाकतो.

अमोनियाचा हिशेब रायपूरकरांनी तरी ध्यानात ठेवायलाच हवा. पाण्याचा पीएच 7 आणि तापमान 25 अंश असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 आणि तापमान 30 अंश झालं की तोच वाटा सात टक्क्यांच्या आसपास जातो. जड पाण्याचा पीएच सहसा चढा, त्यात उन्हाळा. अशा गावात पाच लिटरच्या बाउलमध्ये चार दाणे जास्त पडले तर विष पातळ व्हायला जागाच नसते. मासा लहान म्हणून भांडं लहान, हा तर्क इथेच कोसळतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत 55 लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते तापतंही सावकाश, बिघडतंही सावकाश.

उन्हाळ्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. निऑनला 30 अंशांच्या वर दिवसच्या दिवस ठेवणं क्रूरपणा आहे. पण नवतप्यातली हवा कोरडी असते आणि कूलर ज्या न्यायाने खोली गार करतो, त्याच न्यायाने टाकीचं झाकण काढून पाण्यावर आडवा सोडलेला छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. मासे उडी मारतात, म्हणून वर जाळी हवी. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घालावं. बोअरचं घातलं तर क्षार साठत जातात. जुलैच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, पण तोवर पाराही उतरलेला असतो. इतकी देखरेख जमणार नसेल तर कार्डिनल टेट्रा घ्यावा. तो रिओ निग्रोच्या उबदार पाण्यातला, निऑनपेक्षा उष्णता जास्त सोसणारा.

आता जोडीचं. टेट्रा जोडी करून राहणारा मासाच नाही. थवा हे त्याचं संरक्षण: एकसारखे चमकणारे अनेक पट्टे एकदम वळले की शिकारी माशाला एकावर नेम धरता येत नाही. दोनच मासे ठेवले की ते कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे दबून राहतात, रंग फिका पडतो, दाण्यावर येत नाहीत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन एकेकटे, दोन, पाच आणि दहाच्या गटांत ठेवून पाहिले होते. थव्याने पोहणं मोठ्या गटात वाढलं. म्हणून दोन नव्हे, दहा-बारा घ्यावेत.

टाकी दिवाळीच्या सुमारास मांडावी, स्पंज फिल्टर लावून महिनाभर चालू द्यावी, मग मासे आणावेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी, क्लोरीन काढून, बदलावं. असं केलं तर मे उजाडेपर्यंत टाकीतले जिवाणू चांगले मुरलेले असतात.