गरिबाची वकिली आणि विद्यार्थ्यांची उमेदवारी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु ती चढावी की न चढावी, हे ठरविण्याची मुभाच ज्याला नाही, त्याने काय करावे? ज्याच्यावर फौजदारी गुदरली आहे, ज्या विधवेच्या जमिनीची नोंद परस्पर फिरविली गेली आहे, ज्याच्या हाती नोटीस पडली पण ती वाचता येत नाही, अशा माणसाला ती पायरी चढावीच लागते. त्याच्या सोबतीला कोणी जावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याकडे पाहण्याचा विचार कसा वाढत गेला, त्याचा अल्प इतिहास येथे देण्याचे योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली कायद्याच्या शिक्षणाकडे वळत असल्याने तो वाचकांस उपयुक्त वाटेल, अशी आशा आहे.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते जमशेटजी जिजीभाई रुग्णालयास जोडूनच. रोगी पाहिल्यावाचून वैद्य तयार होत नाही, हे तत्त्व तेथे आरंभापासून मान्य होते. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग निघाले व त्यांतूनच पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज उभे राहिले. या वर्गांना मात्र रुग्णालयासारखे काहीच जोडलेले नव्हते. व्याख्याने ऐकावी, ग्रंथ वाचावे, परीक्षा द्यावी, एवढाच क्रम असे. राहिलेली उणीव ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारीने भरून निघत असे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानेही सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची अट घातली होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. परिणाम असा झाला की, जन्मात एकही अशील न पाहिलेला पदवीधर सनद घेऊन कोर्टात उभा राहू लागला.

अमेरिकेत ही उणीव आधी ओळखली गेली. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८९३ साली गरिबांसाठी कायद्याचा जणू दवाखानाच उघडला होता. १९३३ साली जेरोम फ्रँक या विधिज्ञाने, वैद्यकीच्या विद्यार्थ्यास जसे रुग्णालय, तसे कायद्याच्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष खटल्यांचे केंद्र का नसावे, असा रोखठोक सवाल केला.

आपल्याकडे या विचाराचा उगम निराळ्या बाजूने झाला. येथे आधी गरिबाची अडचण पुढे आली, विद्यार्थी मागून आला. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्याबाबत समिती नेमली. १९७० साली गुजरात सरकारने नेमलेल्या तशाच समितीचे अध्यक्षपद त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्याकडे आले. पित्याचे कार्य पुत्राने पुढे न्यावे, हा योग विशेष म्हटला पाहिजे. त्यानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल १९७३ साली आणि या दोघा न्यायमूर्तींचा संयुक्त अहवाल १९७७ साली आला. कायद्याच्या महाविद्यालयांनी व विद्यार्थ्यांनी या कार्यात उतरावे, असा आग्रह त्यांत होता. मध्यंतरी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घटनेत येऊन विनामूल्य विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले.

या कर्तव्याची निकड न्यायालयापुढील दोन प्रकरणांवरून ध्यानात येते. १९७८ सालच्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल येरवडा तुरुंगात आपणास मिळालीच नाही, अशी कैद्याची तक्रार होती. अपील करण्यास त्याला चार वर्षांहून अधिक विलंब झाला होता. कैद्यास निकालाची नक्कल फुकट व वेळीच मिळाली पाहिजे आणि गरीब कैद्यास अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या निमित्ताने सांगितले. पुढील वर्षी हुसेनारा खातून प्रकरणात बिहारमधील असे कच्चे कैदी उजेडात आले की, गुन्हा शाबीत होऊन जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ ते खटल्याची वाट पाहत तुरुंगात पडून होते. येथे मोठ्या कायदेपंडिताचे काम नव्हते. कोणी तरी जाऊन नाव, कलम आणि अटकेची तारीख लिहून घ्यावयास हवी होती. हे काम चांगल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी उत्तम करू शकतो.

१९८७ साली विधि सेवा प्राधिकरण अधिनियम झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. विद्यापीठांत व कायद्याच्या महाविद्यालयांत विधिसेवा केंद्रे काढण्यास साहाय्य करावे, असे त्यात राष्ट्रीय प्राधिकरणास सांगितले आहे. १९९७ साली बार कौन्सिलने प्रात्यक्षिकाचे विषय सक्तीचे केले आणि २००८ च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधिसाहाय्य केंद्र असणे आवश्यक ठरविले. गोव्यात मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर विधि महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे गट करून गावोगाव अशी केंद्रे चालविली, हे या संदर्भात नमूद करण्याजोगे आहे.

आता एक उदाहरण सांगतो. शाळामास्तर म्हणून ते मला विशेष वाटते. २०१३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने देशातील फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांची पाहणी आरंभिली. विद्यार्थी तुरुंगांतून व कैद्यांच्या घरी जाऊन माहिती टिपून आणीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३७३ कैद्यांची हकीकत आहे. त्या कार्यातून विद्यापीठात जे केंद्र उभे राहिले, त्याच्या वकिलांनी नागपूरच्या तुरुंगातील एका कैद्याची बाजू घेतली. पुण्यात १९९४ साली झालेल्या सात जणांच्या हत्येबद्दल त्यास फाशी सुनावली होती. खटल्यात तो सज्ञान गणला गेला होता. राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती, म्हणजे घटनेच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे! नावातही फरक होता. चौकशीअंती सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद ग्राह्य मानून २७ मार्च २०२३ रोजी त्याची मुक्तता केली. तोवर तुरुंगात त्याची अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ गेली होती. गुन्हा घोर होता, यात शंका नाही. तथापि कायदा ज्यास बालक म्हणतो, त्यास फासावर चढविणे हा न्याय नव्हे. मुख्याध्यापकाच्या कपाटातील एका ओळीवर मनुष्याचा प्राण अवलंबून होता आणि ती ओळ कोर्टापुढे आणण्यास पंचवीस वर्षे कोणी गेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की, गरिबाच्या खटल्यावर पोरांनी हात साफ करावा काय? आक्षेप रास्त आहे व त्याचे उत्तर देखरेख या एकाच शब्दात आहे. विद्यार्थ्यास वकीलपत्र घेता येत नाही. कोर्टात बाजू मांडण्याचा अधिकार सनदी वकिलाचाच. विद्यार्थ्याने पक्षकाराचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे, घटना तारीखवार लिहाव्या, सातबारा, दाखले, नकला मिळवाव्या, अर्जाचा मसुदा करावा आणि वरिष्ठांनी तो तपासल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये. आपण विद्यार्थी आहोत हे आधी सांगावे व ऐकलेले बाहेर बोलू नये. जेथे शिक्षक पाठीशी नसतो, तेथे वर्षातून एक शिबिर, एक फलक व एक छायाचित्र एवढ्यावरच सेवा संपते. त्यात गरिबाला साहाय्य नाही आणि विद्यार्थ्याला विद्याही नाही.

शेवटी दोन सूचना. आपल्या ज्ञातीतील वकील मंडळींनी सुटीत तरी एखाददुसऱ्या विद्यार्थ्यास हाताखाली घ्यावे, आणि गरजूचे काम हाती घेताना त्याची ज्ञात विचारू नये. तसेच कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे की, स्त्रिया, मुले, अपंग, कैदी, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती व जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांना तो उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. लिहिता येत नसेल, तर घरात कायदा शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तिच्याकडून तो लिहवून घ्यावा. तिच्या उमेदवारीचा आरंभ तेथूनच होऊ द्या.