भावंडे सांभाळणारी मुले आणि सरकारी निधी

भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत वडील बारा तासांच्या पाळीवर, आई कांड्या भरण्यात आणि धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर, ही जुनी रीत आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, तर त्याची सेवाही बहुधा तिच्याकडेच येते. या मुलांच्या नावाने सरकारी खर्चाचे स्वतंत्र खाते निघाले नाही. पैसा आला तो पाळणाघर, अंगणवाडी आणि बालसंगोपन या वाटांनी.

या मुलींची शाळा बुडण्याच्या प्रश्नाची उकल मात्र भिवंडीच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये हे काम कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांतली मुले भावंडे सांभाळण्यात आणि गुरे राखण्यात गुंतलेली असत. म्हणून ‘विकासवाडी’ या संकुलात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. बहीण धाकट्याला पाळण्यात ठेवून वर्गात बसू शकली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. पुढच्या कोणत्याही सरकारी योजनेने मुलीच्या अडचणीचा इतका नेमका विचार केलेला दिसत नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांपुढच्या मुलांना, तेही काही तासच मिळे. तान्हे मूल घरीच राही, आणि त्याच्यापाशी बहीणही. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून पाळणाघरे हवीत, असे स्पष्ट लिहिले. कारखाने कायद्यानुसार पाळणाघराची सक्ती 30 हून अधिक स्त्री कामगार असतील तेथेच लागू होत असे. भिवंडीच्या लहान मागशाळांत पुरुष कामगारच बहुसंख्य आणि बाया घरी कांड्या भरणाऱ्या. त्यामुळे ही तरतूद त्यांच्या दारापर्यंत पोहोचली नाही.

2006 च्या राजीव गांधी पाळणाघर योजनेत केंद्र 90 टक्के खर्च उचलत असे. 2017 पासून केंद्राचा वाटा 60, राज्याचा 30 आणि पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेचा 10 टक्के ठरला. केंद्राने हात आखडता घेतल्याने पाळणाघरे राज्याच्या तिजोरीवर अधिक विसंबू लागली. 2022 मध्ये ही योजना ‘पाळणा’ नावाने केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ योजनेत सामावली गेली.

राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अनाथ, एकपालक किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांना दरमहा मदत मिळते. आजारी आईची शुश्रूषा करणारे मूल सरकारी नोंदीत येते ते येथेच. 425 रुपयांची ही रक्कम 2021 मध्ये 1,100 आणि 2023 मध्ये 2,250 झाली. योजनेला सावित्रीबाई फुले यांचे नावही मिळाले. ब्रिटनने 2014 च्या कायद्याने घरातल्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलांच्या गरजांची तपासणी इंग्लंडमधील स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली. महाराष्ट्रात मात्र मदत पालकाच्या स्थितीवर ठरते. मुलाच्या अंगावर किती काम पडते हे अर्जात विचारले जात नाही.