भातखंडे स्वरलिपीचे संगणकीय लेखन

भातखंडे स्वरलिपीचे संगणकीय लेखन म्हणजे पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रूढ केलेल्या स्वरलिपीतील बंदिशी संगणकावर मजकुराच्या स्वरूपात लिहिणे व साठवणे होय. या लेखनात सोयीच्या क्लृप्त्या आणि प्रमाण पद्धती असे दोन्ही मार्ग आढळतात.

स्वरूप
या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू आणि तार सप्तकासाठी वर बिंदू देतात. सम × ने, तर खाली ० ने दाखवतात. पं. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्र सप्तकाचा आणि वरची उभी रेघ तार सप्तकाची खूण आहे.

सोयीच्या क्लृप्त्या
तार षड्जासाठी अनुस्वार (सां), मंद्र स्वरासाठी नुक्ता (ध़), कोमल स्वरासाठी वैदिक अनुदात्ताचे चिन्ह (ग॒) आणि तीव्र मध्यमासाठी वैदिक स्वरचिन्ह (म॑) वापरले जाते. कागदावर हे योग्य दिसते. मात्र संगणक त्यांना भाषेतील चिन्हे समजतो. त्यामुळे मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीवर विसंबणाऱ्या अंध विद्यार्थ्याला 'सां' हा तार षड्ज म्हणून नव्हे, तर सानुनासिक अक्षर म्हणून ऐकू येतो. 'ऩ' हे अक्षर एक किंवा दोन संकेतांकांनी साठवता येत असल्याने शोधही फसू शकतो. रोमन लिपीत कोमल स्वर लहान व शुद्ध स्वर मोठ्या अक्षराने लिहितात (मध्यमात हा क्रम उलटा असतो). भ्रमणध्वनीने पहिले अक्षर आपोआप मोठे केल्यास कोमल ऋषभाचा शुद्ध ऋषभ होतो आणि रागच बदलू शकतो. रिकाम्या जागा सोडून जुळवलेल्या मात्रा टंक बदलताच विस्कटतात.

प्रमाण पद्धती
स्वराचा अर्थ आणि त्याचे दृश्य रूप वेगळे ठेवणे हे मूलतत्त्व होय. १९९६ मध्ये सुरू झालेली लिलीपाँड ही मुक्त आज्ञावली पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी याच तत्त्वावर चालते: लेखक स्वर मजकुरात लिहितो, मांडणी आज्ञावली करते. भातखंडे पद्धतीसाठी पुढील पथ्ये उपयुक्त ठरतात:
• आरंभी स्वरलिपीचे नाव व चिन्हांची सूची देणे;
• युनिकोड वापरणे, विशिष्ट टंकावर अवलंबून न राहणे;
• प्रत्येक मात्रेला सारणीतील स्वतंत्र रकाना देणे (त्रितालात १६ मात्रा, ४ विभाग);
• स्वर व शब्द वेगळ्या ओळींत लिहिणे.

वर्गातील टिपणासाठी क्लृप्त्या पुरेशा असतात. जतनासाठी मात्र त्या अपुऱ्या पडतात.

लोकसंगीतातील उपयोग
धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या तुळजाभवानीशी निगडित गोंधळ हा मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आला आहे. संबळ-तुणतुण्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या अशा गायनातील लयीचे चढउतार कोणतीही स्वरलिपी पूर्णपणे टिपू शकत नाही. म्हणून लेखनासोबत ध्वनिमुद्रण जोडणे इष्ट ठरते.