जीपचें नवें इंजिन आणि आंखूड गिअरबॉक्स

मोटारगाडीची गोष्ट निघाली म्हणजे जो तो इंजिनाची अश्वशक्ति विचारतो. त्या इंजिनामागें बसलेल्या गिअरबॉक्सची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. परंतु खाचखळगे, चिखल आणि वाळू तुडवीत जाणाऱ्या जीपचा इतिहास पाहिला, तर इंजिन बदलण्याचें काम कारागिरांना साधलें आणि अडचण आली ती या पेटीपाशीं, असें पुनःपुन्हा आढळतें.

१९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या टेहळणी-गाडीसाठीं १३५ कारखान्यांना पाचारण केलें. बॅण्टम कंपनीसाठीं कार्ल प्रॉब्स्ट यांनीं आंखलेली पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं होलाबर्ड छावणींत हजर झाली. सैन्यानें प्रथम घातलेली १३०० पौंडांची मर्यादा कोणालाच पाळतां आली नाहीं, तरी वजनाचा धाक कायम राहिला. विलिस कंपनीचे बार्नी रूस यांनीं आपलें चार सिलिंडरांचें इंजिन ६० अश्वशक्तीपर्यंत चढविलें होतें. त्याच्या मागें मात्र टी-८४ नांवाची तीन गिअरांची लहानशी पेटी बसविली गेली. पहिल्या गिअरांत इंजिनाचे २.६६ फेरे झाले म्हणजे पेटीचा दांडा एक फेरा घेई.

लहान पेटी कां? विलिस जीपच्या पुढल्या व मागल्या आंसांमधलें अंतर अवघें ८० इंच. तेवढ्यांत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि चारही चाकांना शक्ति वांटून देणारी ट्रान्स्फर केस बसवावयाची. त्यांनीं जी जागा खाल्ली, ती वजा जातां उरेल तेवढ्या लांबीचा दांडा मागल्या आंसाकडे जाणार. पेटी दोन इंच लांबली कीं हा दांडा दोन इंच आंखूड होतो. आंखूड झाला कीं त्याचा उतार वाढतो. उतार वाढला कीं त्याच्या टोंकांचे सांधे थरथरतात आणि लवकर झिजतात. स्पायसरच्या ट्रान्स्फर केसमधून दोन्ही दांडे पेटीच्या मागून न काढतां उजव्या अंगानें काढले होते, आणि मागला डिफरन्शिअलही त्याच बाजूस सरकविला होता. ही योजना मला फार मार्मिक वाटते, कारण जागेचा बराचसा प्रश्न तिनें परस्पर सोडविला.

१९४५ सालीं शेतकऱ्यांसाठीं सीजे-२ए ही जीप निघाली, तेव्हां टी-९० ही अधिक दणकट पेटी आली. ट्रान्स्फर केसचा खालचा गिअर आणि आंसावरील ५.३८ चें प्रमाण धरून हिशेब केला, तर चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सुमारें ३६ फेरे होत. पुढें १९५३ मध्यें अधिक उंच हरिकेन इंजिन बसवावयाचें ठरलें, तेव्हां कारखान्यानें बॉनेटच उंच केलें. सीजे-३बी चा तो उंच चेहरा आपल्याकडील रस्त्यांवर पुढें पुष्कळ वर्षें दिसत राहिला. उंचीची अडचण अशी पत्र्यानें भागते. लांबीची भागत नाहीं.

१९५५ सालीं शेव्हरोलेटचें आठ सिलिंडरांचें सुटसुटीत इंजिन बाजारांत आलें आणि हौशी मंडळींनीं तें जुन्या जीपांत घालण्यास प्रारंभ केला. इंजिन बसे, परंतु त्याच्या जोरापुढें टी-९० चे दाते टिकत ना. तेव्हां दृष्टि गेली ती मालमोटारींच्या पेट्यांकडे. त्यांत जनरल मोटर्सची एसएम-४२० ही विशेष नांवाजली. १९४७ ते १९६७ पर्यंत निघालेली ही ओतीव लोखंडाची पेटी चार गिअरांची, वजनानें भारी, पण लांबीला सुमारें साडेदहा इंच! पहिल्या गिअरचें प्रमाण ७.०५. ती सीजे-२ए मध्यें घातली, तर वर सांगितलेले ३६ फेरे ९० च्या वर जातात. मग खडकाळ चढावर गाडी पायीं चालणाऱ्या माणसापेक्षांही सावकाश, पण न अडखळतां चढते. फुकट मात्र कांहीं मिळत नाहीं. दुसरा गिअर ३.५८ चा आणि तिसरा एकदम १.७१ चा. या दोहोंमधल्या दरींत चढावरची गाडी नेमकी दम टाकते. शिवाय जीपच्या ट्रान्स्फर केसशीं जोडण्यासाठीं मध्यें तबकडी घालावी लागते आणि मुख्य दांड्याचें टोंकही बदलावें लागतें. वाचविलेल्या इंचांतील कांहीं इंच ही तबकडीच परत घेते. म्हणून पेटी निवडतांना एकट्या पेटीची लांबी न मोजतां तबकडीसह मोजावी, हें जाणत्या कारागिराचें धोरण.

कारखान्यांनाही हा पेंच चुकला नाहीं. १९६५ मध्यें सीजे-५ ला ब्यूकचें व्ही-आकाराचें सहा सिलिंडरांचें इंजिन मिळालें. तें आंखूड असल्यानें गाडी तशीच ठेवतां आली. १९७२ सालीं मात्र अमेरिकन मोटर्सनें सहा सिलिंडर एका रांगेंत असलेलें लांब इंजिन घातलें आणि त्यासाठीं आंसांमधलें अंतर ८१ वरून ८४ इंचांवर नेलें. ज्याच्या हातीं कारखाना आहे, त्याला गाडी ताणतां येते. घराशेजारच्या छपरींत काम करणाऱ्यास तें कोठलें परवडणार?

मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिस जीपा जुळविण्यास सुरुवात केली. पेट्रोल महागल्यावर त्याच बांध्यांत डिझेल घालण्याची निकड भासली, आणि प्रथम ट्रॅक्टरच्या घराण्यांतलें, मागाहून प्यूजोच्या रचनेचें २११२ घन सेंटिमीटरचें इंजिन आलें. डिझेल इंजिनाला फार वेगानें फिरणें मानवत नाहीं. त्यामुळें पेट्रोल इंजिनासाठीं जुळविलेलीं प्रमाणें त्याला बेताचींच पडतात. पुढें एमएम-५५० ला पांच गिअरांची पेटी मिळाली, तेव्हां सपाट रस्त्यावर इंजिनाचा आक्रोश कमी झाला.