खोकडाची शिकार आणि रायफलीचे कॅलिबर (सोलापूर जिल्हा)

कोल्हा किंवा खोकड यांच्यासारख्या लहान मांसाहारी प्राण्यावर रायफल झाडायची तर कोणत्या मापाची नळी व काडतूस निवडावे, हा नेमबाजीतील जुना विषय आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत तो रोजच्या व्यवहाराचा आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानावर खोकड, कोल्हा व लांडगा हे तिघेही आढळतात आणि परवान्याच्या बंदुकाही आहेत. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे या प्राण्यांची शिकार गुन्हा ठरते. कॅलिबर कसे ठरते, इथल्या प्राण्याला व इथल्या बंदुकांना ते गणित कितपत लागू पडते आणि कायदा काय सांगतो, हे या नोंदीत दिले आहे.

प्राण्याची ओळख

सोलापूरकडे ‘कोल्हा’ म्हणतात तो कॅनिस ऑरियस. त्याचे वजन साधारण ७ ते ११ किलो असते, तो ओढ्याकाठी व उसाच्या फडात राहतो आणि रात्री कोल्हेकुई करतो. खोकड (व्हल्पिस बेंगालेन्सिस) त्याहून पुष्कळ लहान असते. त्याचे वजन २ ते ४ किलो, म्हणजे गावठी मांजरापेक्षा फार जास्त नाही. अंग राखी-भुरे, कान मोठे व टोकदार, पाय बारीक आणि झुपकेदार शेपटीचे टोक काळे. माळावर पळताना ते एकाएकी दिशा बदलते, शेपटी मात्र आडवी तरंगत असते. युरोपातील तांबडा कोल्हा (व्हल्पिस व्हल्पिस) ५ ते ८ किलोपर्यंत भरतो. परदेशी पुस्तकांतील कॅलिबरची सगळी चर्चा त्याला समोर धरून केलेली असते. ती खोकडाला लावली की पहिल्याच आकड्याला हिशेब चुकतो.

खोकडाचा आहार उंदीर, टोळ, भुंगेरे, वाळवी, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, बोरे आणि इतर रानफळे असा मिश्र असतो. उघड्यावरची कोंबडी ते कधीमधी उचलते. ज्वारी-हरभऱ्याच्या पट्ट्यात उंदीर हाच पिकाचा मोठा शत्रू असल्याने शेतकऱ्याच्या हिशेबात खोकड जमेच्या बाजूला येते. नर-मादीची जोडी बहुधा टिकून राहते. सुमारे ५० ते ५३ दिवसांच्या गर्भकाळानंतर हिवाळ्याच्या अखेरीस मादी बिळात दोन ते चार पिल्ले देते.

कॅलिबर म्हणजे काय

रायफलीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे ढोबळमानाने कॅलिबर. तो इंचाच्या भागांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. .२२ म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर, .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. छर्ऱ्याच्या बंदुकीचे ‘बोअर’ वेगळ्या रीतीने मोजतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो.

निव्वळ व्यासावरून काडतुसाचा जोर कळत नाही. .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखीच असते, पण दुसरीच्या कवचात दारू कितीतरी अधिक असल्याने तिची ऊर्जा नऊ-दहा पट भरते. म्हणून निवड करताना गोळीचे वजन, नळीतून सुटतानाचा वेग आणि गोळीची घडण या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथली निवड

इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या टोळीनिशी कोल्ह्याचा पाठलाग करण्यावर बंदी आली. रायफलीने मारण्यास मात्र परवानगी राहिली. ऑस्ट्रेलियात तांबडा कोल्हा एकोणिसाव्या शतकात युरोपीयांनी शिकारीच्या हौसेपायी नेऊन सोडला आणि तिथल्या लहान देशी प्राण्यांचा त्याने मोठा संहार केला. त्यामुळे तिथे तो परका उपद्रवी प्राणी मानला जातो. या देशांत वापरात असलेली काडतुसे थोडक्यात अशी (आकडे ठोकळ आहेत आणि गोळीच्या बनावटीप्रमाणे बदलतात):

.२२ लाँग रायफल: गोळी सुमारे २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० ते ३८० मीटर, ऊर्जा १४० ते १९० ज्यूल. आवाज कमी, खर्च कमी. पन्नास-साठ मीटरपुढे कोल्ह्यासाठी अपुरे.

.१७ एचएमआर: गोळी १.१ ग्रॅम, वेग सुमारे ७७५ मीटर, ऊर्जा ३३० ज्यूल. मार्ग सपाट, पण हलकी गोळी वाऱ्याने भरकटते.

.२२ हॉर्नेट: गोळी २.९ ग्रॅम, ऊर्जा साधारण ९७५ ज्यूल. दीडशे मीटरपर्यंतचे जुने, मवाळ काडतूस.

.२२३ रेमिंग्टन: गोळी ३.६ ग्रॅम, वेग ९९० मीटरच्या आसपास, ऊर्जा १,७५० ज्यूल. कोल्ह्यासाठी सर्वाधिक पसंतीचे. लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाचे ते सख्खे भावंड आहे.

.२२-२५०: गोळी तेवढीच, वेग १,१०० मीटरच्या वर. लांब पल्ल्यासाठी, पण आवाज मोठा आणि नळीची झीज लवकर.

.२४३ विंचेस्टर: १९५५ चे काडतूस. हरणासाठीही चालते, म्हणून एकाच रायफलीत दोन्ही कामे उरकणारे घेतात. निव्वळ कोल्ह्यासाठी ते गरजेपेक्षा जड.

निवडीचे निकष चार. पहिला, प्राणी जागीच मरावा, जखमी होऊन बिळात शिरू नये. दुसरा, अंतर: गोळीचा मार्ग जितका सपाट तितकी अंदाजातील चूक कमी. तिसरा, प्राण्याच्या मागे मातीचा उंचवटा आहे की नाही. .२२ लाँग रायफलीची साधी गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, मोठ्या काडतुसांची त्याच्या दुप्पट-तिप्पट. चौथा, गोळी आपटून उसळते का. जड, संथ गोळी दगडावरून उसळते, तर हलकी, वेगवान, पातळ कवचाची गोळी आपटताच फुटते. .२२ लाँग रायफलीपेक्षा .२२३ वर लोकांचा भरवसा अधिक असण्यामागे हेही एक कारण आहे.

सोलापूरच्या माळावर हे गणित

सोलापूरचा माळ म्हणजे बसाल्टाच्या खडकावर वीतभर मुरूम आणि त्यावर कुसळी-पवन्याचे गवत. जमीन सपाट, बांध बुटके, मागे गोळी अडेल असा उंचवटा क्वचितच सापडतो. उघड्या दगडावरून गोळी कोणत्या दिशेला उसळेल सांगता येत नाही. जिथे माळ मोकळा दिसतो तिथेच मेंढपाळाचा वाडा बसलेला असतो, ज्वारीच्या रानात राखणदार असतो आणि पहाटे वस्तीवरची माणसे डबा घेऊन बाहेर पडलेली असतात. तिसरा आणि चौथा निकष इथे मुळातच गळून पडतात.

परवान्याच्या बंदुकांचीही तीच गत. भारतात .३०३ व ७.६२ मिलिमीटर ही लष्करी मापे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. गावाकडच्या परवानाधारकाजवळ बहुधा एकनळी वा दुनळी बारा बोअर असते, क्वचित सरकारी शस्त्रनिर्माणीची .३१५ रायफल, आणि जुन्या घरांत ठासणीची बंदूक. .३१५ चे काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनते. त्याच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे आणि ‘८ एमएम’ असा छाप असतो. त्याची गोळी १५ ग्रॅमच्या वर आणि ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या घरात असते. लष्करी मापे बंद असताना नागरिकाला रायफल मिळावी, म्हणून हे काडतूस चालत आले आहे. हरीण वा रानडुकरासाठी ते ठीक, तीन किलोच्या खोकडावर मात्र ते वापरणे अनाठायी. बारा बोअरचा जाड छर्रा ३५-४० मीटरपर्यंतच खात्रीने काम करतो. त्यापुढे प्राणी जखमी होण्याचीच शक्यता जास्त.

शिकारीची पूर्वपीठिका

संस्थानी काळात या भागात शिकार हा दरबारी शौक होता. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहात त्या काळातील हत्यारांचा मोठा साठा आजही पाहायला मिळतो. इंग्रज अधिकाऱ्यांना विलायतेतील तांबडा कोल्हा इथे मिळेना, म्हणून ते घोड्यावरून कुत्र्यांच्या टोळीसह कोल्ह्यामागे आणि ग्रेहाउंड सोडून खोकडामागे धावत. खोकडाला बंदुकीने मारण्यात त्यांना मर्दुमकी वाटत नसे. फासेपारध्यांचे साधन फासा होते, बंदूक नव्हे, आणि त्यांचे लक्ष्य मुख्यतः तितर, लावे व हरणे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशु-पक्षी संरक्षणाचा कायदा करून शिकारीवर परवान्याची बंधने घातली. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने चित्र पुरते बदलले.

कायदा

१९७२ च्या अधिनियमाच्या कलम ९ नुसार परिशिष्टांतील वन्य प्राण्याची शिकार करता येत नाही. ‘शिकार’ या संज्ञेत मारणे, विष घालणे, फासा लावणे, पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न, एवढे सगळे येते. नेम चुकला तरी गुन्हा घडतोच. खोकड व कोल्हा हे दोन्ही संरक्षित आहेत. उपद्रवी प्राण्यांच्या जुन्या परिशिष्टात कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर गेला. त्याबरोबर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभयारण्यातील शिकारीची शिक्षा आणखी कडक आहे.

एखादा प्राणी माणसाच्या जिवाला वा मालमत्तेला धोकादायक ठरला, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात शेतीच्या नुकसानीसाठी अशा परवानगीची कार्यपद्धती रानडुक्कर व नीलगाय यांच्यापुरती आखलेली आहे. खोकड त्यात नाही.

शस्त्राचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ नुसार मिळतो. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी तो देतात. पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना हा वन्य प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सोलापुरात आणखी एक बंधन आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात वा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाला वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. त्या पट्ट्यात नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल ठेवणे हाही गुन्हाच.

खोकडाला खरा धोका

नान्नज परिसरात संशोधक अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ कॉलर लावून खोकडांचा दीर्घ अभ्यास केला. गावकुत्री खोकडांना हुसकावतात आणि कुत्र्यांमधील डिस्टेंपर व पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग खोकडांतही आढळतो, असे त्यातून दिसले. बिळासाठी खोकड नैसर्गिक गवताळ तुकडे निवडते आणि वनीकरणाची लागवड टाळते, असेही याच भागातील अभ्यासाने दाखवले. एकेकाळी ‘पडीक’ ठरवून माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, ती खोकडाला फळली नाहीत. याशिवाय महामार्गांवरची वाहने, रानडुकरासाठी लावलेले फासे व विजेच्या तारा आणि विषारी आमिष यांनीही ते मरते. ‘कोल्ह्याचे शिंग’ नावाच्या थोतांडासाठीही या प्राण्यांचा जीव जातो. कोल्ह्याला किंवा खोकडाला शिंग नसते. विकतात ती कातडे-केस चिकटवलेली बनावट वस्तू असते.

नुकसान होत असेल तर

कोंबड्या रात्री जाळीच्या खुराड्यात कोंडणे, जाळी जमिनीत हातभर पुरणे आणि मेलेली जनावरे वस्तीजवळ न टाकणे, एवढ्याने खोकडाचा त्रास बहुतांशी थांबतो. शेळ्या-मेंढ्यांवर हल्ला झाला तर तो बहुधा लांडग्याचा वा मोकाट कुत्र्यांचा असतो. पायाचा ठसा आणि चाव्यातील दातांचे अंतर पाहून वनरक्षकाला ते ओळखता येते. लांडगा, तरस व कोल्हा यांनी पशुधन मारल्यास राज्य शासनाची भरपाई मिळते. त्यासाठी जनावर जागेवरून न हलवता ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते. त्याकरिता वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कॅलिबरच्या प्रश्नाला पाच-सहा उत्तरे आहेत. सोलापूर जिल्ह्यात खोकडासाठी कायदेशीर कॅलिबर एकही नाही.