घराणं, घोडे आणि थ्री बाय टू

मागच्या वीकांताला आयुष्यात पहिल्यांदा रेसकोर्सवर गेलो. पैसे लावायला नाही हो, नुसतं बघायला (आईने हे वाचलं तर खुलासा असावा म्हणून आधीच सांगून ठेवतो). आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा डेटाबेस आणि घोडे या दोनच विषयांवर बोलतात, आणि दोन्हींवर सारख्याच गांभीर्याने. पुण्यात पावसाळा म्हणजे रेसचा मोसम. म्हटलं, एकदा बघून येऊ.

शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात. मी आपला तोंड उघडं टाकून घोडे बघत होतो. काय देखणं जनावर असतं राव! आणि अण्णा रेसबुकात डोकं खुपसून बसलेले.

"अण्णा, घोडे तिकडे आहेत."

"घोडा काय बघायचाय? बाप बघ. मग आईचा बाप बघ."

पुस्तकात खरंच प्रत्येक घोड्याच्या नावाखाली बापाचं आणि आईचं नाव छापलेलं होतं. मला एकदम लग्नाचा बायोडेटा आठवला. उंची, शिक्षण, पगार, आणि शेवटी 'मामाचे कुळ'. तेवढ्यात एका तांबूस घोड्याकडे बोट दाखवून अण्णा म्हणाले, "हा थ्री बाय टू आहे. म्हणजे एकच घोडा बापाच्या बाजूला तिसऱ्या पिढीत आणि आईच्या बाजूला दुसऱ्या पिढीत. हिशोबाने सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नासारखं."

मी गप्प झालो. कारण माझे आई-बाबा सख्खे आते-मामे भावंडं आहेत.

आमच्या सांगलीकडे यात काही विशेष नाही. आजीने (बाबांची आई) आपल्या सख्ख्या भावाची मुलगी सून करून आणली. माहेरची मुलगी, बघितलेलं घर, वळण माहीत. आता तिची इच्छा आहे की मीही माझ्या मामाची मुलगी करावी. म्हणजे पुन्हा त्याच वाड्यातून. गोत्राची अडचण नाही, कारण मामाचं गोत्र वेगळं. हा विषय गेले सहा महिने घरी शिजतोय. त्यामुळे अण्णांच्या त्या एका वाक्यापायी माझा अख्खा रविवार आणि पुढच्या चार रात्री घोड्यांच्या वंशावळीत गेल्या. काय सापडलं ते सांगतो.

आधी थोडं गणित (इंजिनियरकडून दुसरी काय अपेक्षा!). 1922 साली स्युअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने इनब्रीडिंग मोजायचं सूत्र मांडलं. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता किती, हे त्यातून कळतं. सावत्र भावंडांच्या पिल्लात ती 12.5 टक्के, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात 6.25 टक्के. थ्री बाय टू म्हणजेही त्या एका पूर्वजापुरते 6.25. दोन्ही प्रती सारख्या आल्या की चांगला गुण पक्का होतो. आणि इतके दिवस एका प्रतीत गुपचूप बसलेला दोषही बाहेर येतो. इनब्रीडिंगचे सगळे फायदे आणि सगळे तोटे या एका वाक्यात आले.

आता इतिहास. थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात तयार झाली. स्थानिक घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले नर. त्यातल्या तिघांचाच नरवंश टिकला: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. डार्ली अरेबियन 1704 साली सीरियातल्या अलेप्पोहून यॉर्कशायरला आला. 1791 साली जेम्स वेदरबीने वंशावळींचं पहिलं पुस्तक काढलं, त्याचंच पुढे 'जनरल स्टड बुक' झालं. नियम सोपा: ज्याचे पूर्वज या पुस्तकात, तोच थरोब्रेड. म्हणजे वह्या बंद! बाहेरून नवीन एन्ट्री जवळजवळ नाही.

2001 साली कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. आजच्या थरोब्रेडमधली 78 टक्के जनुकं फक्त 30 मूळ पूर्वजांकडून आलेली आहेत, आणि 95 टक्के नरवंश एकट्या डार्ली अरेबियनचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सगळ्या घोड्यांचं गोत्र एक! म्हणूनच घोड्यांच्या दुनियेत गोत्र कोणी बघत नाही, जवळच्या पाचेक पिढ्यांत कोणाचं नाव दोनदा येतं ते बघतात. गोत्र फक्त बापाची रेघ बघतं. मामाची मुलगी त्या चाळणीतून आरामात सुटते.

बंद पुस्तकातली पहिली मोठी गोष्ट सेंट सायमनची. जन्म 1881, एकही शर्यत हरला नाही. ड्यूक ऑफ पोर्टलंडने त्याला 1,600 गिनीला घेतलं आणि पुढे तो नऊ वेळा इंग्लंडचा अव्वल जनक ठरला. त्याचा मुलगा पर्सिमन 1896 ची डर्बी जिंकला, दुसरा मुलगा डायमंड ज्युबिली 1900 साली ट्रिपल क्राउन. मग काय, जो तो सेंट सायमनच्या मागे. प्रत्येक तबेल्यात त्याच्या मुली, नाती, पुतण्या. आणि 1908 साली तो मेल्यावर काही वर्षांतच त्याचा नरवंश इंग्लंडमध्ये कोसळला. नेहमी दिलं जाणारं कारण असं की चांगल्या घोड्यांमध्ये त्याचं रक्त इतकं झालं होतं की त्याच्या मुलांना द्यायला परकी घोडीच उरली नाही.

दुसरी गोष्ट जर्सी कायद्याची. अमेरिकेत सट्ट्यावर बंदी आल्यामुळे तिकडचे घोडे इंग्लंडात यायला लागले. इंग्रजांना रक्त 'बाटायची' भीती. 1913 साली नियम आला की ज्याचे सगळेच्या सगळे पूर्वज आमच्या आधीच्या खंडांत नाहीत, त्याला पुस्तकात जागा नाही. अमेरिकेत यादवी युद्धात नोंदी गहाळ झालेल्या, त्यामुळे लेक्सिंग्टनसारख्या महान घोड्याचे वंशजही 'अर्धवट रक्ताचे' ठरले. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, 1914 ला, एप्समची डर्बी डर्बार नावाच्या अशाच एका 'अर्धवट' घोड्याने मारली. 1948 साली टू थाउजंड गिनीज आणि सेंट लेजर या दोन मोठ्या शर्यती पुन्हा अशाच घोड्यांनी जिंकल्या, तेव्हा कुठे 1949 मध्ये तो नियम सोडला. कोड रिव्ह्यूमध्ये बाहेरच्याचा पॅच आडनाव बघून नाकारायचा आणि वर तोच पॅच प्रॉडक्शन वाचवतो, त्यातला प्रकार.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची दोन माणसं. दोघे समकालीन, दोघे अतिशय हुशार.

पहिला इटलीतला फेदेरिको तेसिओ. पैसा बेताचा. इंग्लंडच्या लिलावातून तो स्वस्तात घोड्या आणायचा. 1915 साली त्याने कॅटनिप नावाची घोडी 75 गिनीला घेतली. तिला हाव्रेसाक दुसरा हा घोडा दिला. हा फ्रान्समध्ये जन्मलेला, आणि सेंट सायमनचा टू बाय थ्री! म्हणजे इंग्लंडने ज्या रक्ताचा अतिरेक करून ते संपवलं, तेच रक्त बाहेर वेगळ्या घोड्यांमध्ये जिवंत होतं. या जोडीची मुलगी नोगारा, आणि नोगाराचा मुलगा निआर्को (1935). 14 पैकी 14 शर्यती जिंकून तो 1938 साली 60,000 पौंडांना इंग्लंडलाच विकला गेला. हाव्रेसाकच्याच नरवंशात पुढे तेसिओचा रिबो आला, 16 पैकी 16. तेसिओ इनब्रीडिंग करायचा, पण एक पथ्य पाळायचा: स्वतःच्या नरांवर अडून बसायचा नाही. घोड्या युरोपभर पाठवायचा.

दुसरा फ्रान्सचा मार्सेल बूसाक. कापड गिरण्यांचा सम्राट, ख्रिश्चन डिओरला भांडवल देणारा तो हाच. त्याच्याकडे तूर्बियों, फारिस, जेबेल असे एकाहून एक नर होते आणि तो ते आपल्याच घोड्यांना फिरवून फिरवून द्यायचा. घरचं सोनं असताना बाहेर कशाला जा? 1946 साली त्याच्याकडे कोरोनेशन ही घोडी जन्मली. बाप जेबेल तूर्बियोंचा मुलगा, आई एस्मेराल्दा तूर्बियोंची मुलगी. टू बाय टू, म्हणजे सावत्र भावंडांची मुलगी, 12.5 टक्के. 1949 साली ती युरोपातली सगळ्यात मोठी शर्यत, आर्क द त्रियोंफ, दिमाखात जिंकली. पुढच्याच वर्षी बूसाकचे घोडे इंग्लंडात डर्बी आणि सेंट लेजर जिंकले. पद्धत सिद्ध झाली, नाही का?

कोरोनेशनला एकही शिंगरू झालं नाही. वर्षानुवर्षं एकेक नर देऊन पाहिला. आणि तिच्या मागोमाग बूसाकचा तबेलाही हळूहळू उतरणीला लागला. धंद्यातली घसरणही होतीच, सगळं खापर जनुकांवर फोडायला नको. 1978 साली दिवाळं निघालं आणि घोडे आगाखानाने विकत घेतले. आता पुढचं बघा. त्यातल्याच डेल्सी या घोडीला आगाखानाने शर्ली हाइट्स हा बाहेरचा नर दिला. त्यातून झाला दार्शान, 1984 ची फ्रेंच डर्बी जिंकणारा. रक्त वाईट नव्हतंच मुळी. त्याला फक्त परकं माणूस, आपलं, परका घोडा हवा होता.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं: कोंडी झाली की आउटक्रॉस करा. पण खरी भीती पुढेच आहे.

निआर्कोचा मुलगा निआर्क्टिक कॅनडात जन्मला. त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर (1961). बुटका म्हणून 25,000 डॉलरलाही कोणी घेतला नाही, मग 1964 ची केंटकी डर्बी जिंकला. त्याचे वंशज सॅडलर्स वेल्स आणि डेनहिल. नव्वदच्या दशकात डेनहिलसारखे नर विमानाने अर्धं वर्ष युरोपात आणि अर्धं वर्ष ऑस्ट्रेलियात काम करायला लागले. पूर्वी एक नर मोसमात चाळीसेक घोड्यांना मिळायचा, आता लोकप्रिय नराला दोनशेच्या वर. 2020 साली सुमारे 10,000 घोड्यांच्या जनुकीय अभ्यासात दिसलं की 97 टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत इनब्रीडिंग वाढतंय. 2022 च्या अभ्यासात दिसलं की इनब्रीडिंग 10 टक्क्यांनी वाढलं तर घोडा कधी शर्यतीत उतरण्याची शक्यता 7 टक्क्यांनी घटते. आणि असे न उतरलेले घोडे रेसबुकात छापले जात नाहीत! आपल्याला दिसते ती एनेबल, सॅडलर्स वेल्सची थ्री बाय टू, 2017 आणि 2018 ची आर्क जिंकणारी.

म्हणजे सेंट सायमनच्या वेळी इटली होती. जर्सी कायद्याच्या वेळी अमेरिका होती. बूसाकच्या घोड्यांना आगाखानाचा तबेला होता. प्रत्येक वेळी कुठेतरी एक 'बाहेर' शिल्लक होतं. आज सगळं जग एकच तबेला झालंय. आजचा 'आउटक्रॉस' म्हणजे पाच पिढ्यांत नाव दोनदा न आलेला, सहाव्या-सातव्या पिढीतला भाऊच. 2020 साली अमेरिकेच्या जॉकी क्लबने एका नराला वर्षाला 140 घोड्यांची मर्यादा घातली होती. मोठे स्टड फार्म कोर्टात गेले, आणि 2022 मध्ये नियम मागे घेतला. त्यात कोणी खलनायक नाही. प्रत्येकाला आपल्या घोडीसाठी सगळ्यात चांगला नर हवाय. फायदा माझा, आणि बिल पुढच्या पिढीत सगळ्यांच्या नावावर.

असो. आमच्या घरचा हिशोबही मी मांडला. मी 6.25 वर आहे (चष्मा सोडला तर तब्येत उत्तम). मामाच्या मुलीशी लग्न केलं तर दोन्ही पिढ्यांची नाती धरून मुलं 7.8 वर जातात. आकडा काही भयंकर नाही. अशा घरांतली बहुतेक मुलं धडधाकटच असतात. मामाच्या मुलीचं मत मात्र मला आधीच माहीत आहे. तिला माझ्याशी लग्न करायचं नाही, आणि त्यासाठी तिला कुठल्याही सूत्राची गरज पडलेली नाही.

काल रात्री आजीला फोन केला आणि कोरोनेशनची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या म्हायेरचं रगात वाईट हाय व्हय रं?"

"नाही गं आज्जी. उलट चांगलं आहे म्हणूनच तर ही भानगड. वाईट घोड्याकडे दुसऱ्यांदा कोण जातं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आन् ती घोडी? तिला शेवटपर्यंत न्हाईच झालं?"

"नाही."

"च्च," ती म्हणाली. "कुनीतरी आधी सांगाय पायजे व्हतं त्या मानसाला."

लग्नाचा विषय तिने काढला नाही. निदान काल तरी.