घरगुती संगीतनिर्मितीसाठी स्वस्त सिंथेसायझर व ड्रम मशीन यांची निवड : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

विद्युत वाद्यांचा इतिहास सामान्यतः मोठी ध्वनिमुद्रणगृहे आणि नामवंत संगीतकार यांच्या संदर्भात सांगितला जातो. तथापि, या वाद्यांनी संगीताच्या स्वरूपात जे मूलगामी परिवर्तन घडवून आणले, त्याचा मोठा भाग सामान्य घरांतील खोल्यांमध्ये, मर्यादित पैशांत खरेदी केलेल्या यंत्रांवर घडला. मर्यादित पैशांत कोणते वाद्य निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाचा वाटतो. परंतु संगीत निर्माण करण्याची साधने कोणाच्या हाती येतात, हा मूलभूत सामाजिक प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. प्रस्तुत लेखात १९५९ ते २०१९ या कालखंडातील काही निवडक यंत्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सोबतीचे यंत्र :

ड्रम मशीनचा उगम घरगुती साथसंगतीच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमॅन’ हे यंत्र बाजारात आणले. घरी एकट्याने ऑर्गन वाजविणाऱ्यास तालाची सोबत मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. मराठी घरांत रियाजासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तबल्याचे प्रयोजनही याच प्रकारचे आहे. अशा आरंभीच्या यंत्रांत ताल कारखान्यातूनच ठरवून दिलेले असत. वाजविणाऱ्याने केवळ निवड करावयाची व लय कमीअधिक करावयाची.

जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये रोलँड कंपनीची स्थापना केली. या कंपनीच्या १९७८ च्या ‘सीआर-७८’ या यंत्रात वापरणाऱ्यास स्वतःचे ताल रचून साठविण्याची सोय मिळाली. सिंथेसायझरच्या क्षेत्रात रॉबर्ट मूग यांच्या ‘मिनीमूग’ने १९७० च्या दशकाच्या आरंभी खोलीभर पसरणाऱ्या यंत्रणेला एका सुटसुटीत पेटीचे रूप दिले होते. मात्र त्याची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती आणि त्यावर एका वेळी एकच स्वर वाजत असे.

अपयशातून आलेली स्वस्ताई :

१९८० मध्ये दोन भिन्न विचारांची यंत्रे समोर आली. रॉजर लिन यांच्या ‘एलएम-१’ मध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित ध्वनी साठविलेले होते. त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. रोलँडच्या ‘टीआर-८०८’ मध्ये ध्वनी विद्युत मंडलांतून निर्माण होत असल्याने ते सुमारे १,२०० डॉलरला मिळे. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही, अशी टीका झाली आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ‘टीबी-३०३’ या यंत्राची कथाही अशीच आहे. गिटारवादकास बासची साथ मिळावी म्हणून ते सुमारे ४०० डॉलरला विक्रीस आले. परंतु ते बास गिटारसारखे वाजत नव्हते आणि त्यात स्वररचना भरणे किचकट होते. १९८४ पर्यंत तेही बंद झाले.

यानंतरची घटना या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची होय. उत्पादकांनी सोडून दिलेली ही यंत्रे जुन्या मालाच्या बाजारात अल्प किमतीत मिळू लागली आणि शिकागो व डेट्रॉइट येथील तरुण, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, संगीतकारांच्या हाती पडली. शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाने ‘टीबी-३०३’ चे खटके वाजत असतानाच फिरवून जो ध्वनी मिळविला, त्यातून १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध झाली व ‘अ‍ॅसिड हाउस’ ही शैली रूढ झाली. अनुकरणात अपयशी ठरलेले यंत्र स्वतंत्र वाद्य म्हणून मान्यता पावले.

येथे मुंबईतील एका उदाहरणाची नोंद घेणे आवश्यक आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टीबी-३०३’, ‘टीआर-८०८’ आणि ‘ज्युपिटर-८’ यांच्या साहाय्याने ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. शिकागोतील रचनेपूर्वी काही वर्षे हा प्रयोग झाला असूनही तो दुर्लक्षित राहिला. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतरच त्याची जगभर दखल घेतली गेली. या उपेक्षेमागे एकच कारण असेल असे नाही. तथापि, आयात निर्बंध व जकातीच्या त्या काळात अशी यंत्रे भारतीय घरांत पोहोचणे दुरापास्त होते. एका कलावंताचा प्रयोग शैलीत परिणत होण्यासाठी तेच साधन अनेकांच्या हाती असावे लागते, ही बाब यावरून सूचित होते.

निवडीचे निकष :

उपरोक्त इतिहासातून घरगुती मांडणीसाठी तीन निकष हाती येतात.

पहिला निकष हाताळणीचा. १९८३ मधील यामाहाचा ‘डीएक्स-७’ अत्यंत यशस्वी ठरला. परंतु त्यात नवा ध्वनी घडविणे इतके अवघड होते की, बहुतेकांनी तयार ध्वनींवरच समाधान मानले. याउलट ‘टीबी-३०३’ चे मोजके खटके सर्जनास पुरेसे ठरले. ध्वनींची संख्या किती, यापेक्षा ते किती सहज बदलता येतात, हे पाहणे अधिक हितावह होय.

दुसरा निकष स्मृतीचा. स्वतःचा ताल वा स्वररचना भरून साठविता येत नसेल, तर यंत्र केवळ साथीदार राहते.

तिसरा निकष जोडणीचा. काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकारातून १९८३ मध्ये ‘मिडी’ ही संदेशपद्धती प्रचारात आली व भिन्न कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडता येऊ लागली. कॅसिओच्या १९८४ च्या ‘सीझेड-१०१’ या सुमारे ५०० डॉलरच्या छोट्या सिंथेसायझरवर मिडीद्वारे एकाच वेळी चार निरनिराळे ध्वनी वाजविता येत. दोन-तीन साधी यंत्रे एका लयीत बांधता आली, तर एका महागड्या यंत्राची गरज उरत नाही.

समारोप :

स्वस्ताई ही वाद्याच्या अंगी असलेली कायमची गोष्ट नव्हे. ‘टीआर-८०८’ व ‘टीबी-३०३’ यांना प्रतिष्ठा मिळताच त्यांच्या मूळ प्रती संग्राहकांच्या वस्तू झाल्या आणि ज्या वर्गाने त्यांना अर्थ दिला, त्याच वर्गाच्या आवाक्याबाहेर गेल्या. पुढे संगणकीय प्रतिकृती, २०१३ पासूनची कॉर्गची ‘वोल्का’ मालिका आणि २०१९ मधील बेहरिंगरचे ‘टीडी-३’ यांनी सुमारे १५० डॉलरच्या परिसरात तो मार्ग पुन्हा खुला केला. इतरांच्या शोधांची नक्कल करून स्वस्त वाद्य विकणे कितपत न्याय्य, हा वाद त्यासोबत आला. आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही या साठ वर्षांच्या वाटचालीवरून एक बाब स्पष्ट होते. वाद्याचे मोल उत्पादकाने सांगितलेल्या हेतूवरून ठरत नाही; ते वाजविणाऱ्यास मिळालेल्या स्वातंत्र्यावरून ठरते. ज्या घरात केवळ एका छोट्या यंत्रापुरतेच पैसे आहेत, तेथे निवड करताना हेच भान उपयोगी पडेल.